पिल्लू घरी आणण्याआधी : घराची, गटाची आणि पाड्याची तयारी



पावसाळा ओसरायला लागला की आपल्या पाड्यांवर, बोईसरच्या चाळींमागे, सातपाटी-दांडीच्या किनाऱ्यावर कुत्र्यांची पिल्लं दिसायला लागतात. मग घरोघरी एकच हट्ट सुरू होतो, "आई, एक ठेवूया ना!" शाळेतून येता येता पोरगं दप्तराआड पिल्लू घेऊन येतं, आजी त्याला वाटीभर दूध देते आणि दुसऱ्या दिवसापासून ते आपलं होतं. तयारी अशी कोणीच करत नाही. कुत्र्याला कसली आलीय तयारी, असंच आपल्याला वाटतं.

आता शेळीचं आठवा. गटातून कर्ज काढून शेळी घ्यायची तर आपण किती विचार करतो! बांधायची कुठे, चारा कोण आणणार, लस कधी, आजारी पडली तर कोणाला बोलवायचं, हे सगळं बैठकीत बोलून मग सही करतो. कुत्रा फुकट येतो, म्हणून त्याचा हिशोब मांडला जात नाही. पण लस न दिलेल्या पिल्लाचा एक दात घरच्या लेकराला लागला, तर ते नुकसान पैशात मोजता येत नाही.

म्हणून या महिन्याच्या पाठात आपण पिल्लू घरी येण्याच्या आधीची आणि नंतरच्या पहिल्या काही आठवड्यांची तयारी शिकू. कुत्रा पाळू नका असं सांगण्यासाठी हा पाठ नाही. भाताचं खळं, कोंबड्यांचं खुराडं, रात्रीचं अंगण राखणारा कुत्रा आपल्या भागात पूर्वापार आहे. वारली चित्रांतल्या शिकारीच्या दृश्यांतही माणसांबरोबर कुत्रा असतोच. त्याला नीट ठेवायचं कसं, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

१. आधी घरात बसून चार प्रश्न

पिल्लू बघायला जाण्याच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. मुलांनाही बसवा. हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

रोजचं काम कोणाचं? खाणं, पाणी, घाण काढणं, दवाखान्यात नेणं. "सगळेच बघतील" हे उत्तर चालणार नाही. सगळ्यांचं काम शेवटी आपल्याच, म्हणजे घरातल्या बाईच्या, गळ्यात पडतं. नावं लिहा. पाणी भरणं मोठ्या मुलाचं, शी काढणं नवऱ्याचं, असं स्पष्ट ठरवा.

घरी कोण असतं? बोईसरला नवरा-बायको दोघंही कारखान्यात शिफ्टला जातात आणि दिवसभर खोलीला कुलूप असतं. अशा घरात दोन महिन्यांचं पिल्लू एकटं राहू शकत नाही. त्याला दिवसातून चार वेळा खायला लागतं. शेजारची ताई बघणार असेल तर तिला आधी विचारा, गृहीत धरू नका.

घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याच्या खोलीत मालकाची परवानगी आधी घ्या. "नंतर बघू" म्हणून आणलेलं पिल्लू बऱ्याचदा खोली बदलताना मागे राहतं.

दिवाळीनंतर आपण कुठे असणार? आपल्या भागासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. भातकापणी झाली, दिवाळी झाली की आपली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर कामाला जातात. काही वसईकडे, काही भिवंडीकडे. परत येतात ते होळीला नाहीतर पावसाच्या तोंडावर. मधल्या काळात कुत्रा बंद घराच्या ओट्यावर वाट बघत बसतो. भूक लागली की इतर कुत्र्यांच्या टोळीत जातो आणि मग कोणाची कोंबडी, कोणाचं करडू जातं. पाड्यावर भांडणं होतात ती अशी. तुमच्या घरचं स्थलांतर ठरलेलं असेल तर त्या महिन्यांत कुत्रा कोण सांभाळणार, हे आजच ठरवा. उत्तर सापडलं नाही तर यंदा पिल्लू आणू नका. पुढच्या वर्षीही पिल्लं असतील.

२. कोणतं पिल्लू, किती दिवसांचं?

पिल्लू किमान आठ आठवड्यांचं, म्हणजे दोन महिन्यांचं असावं. त्याआधी आईपासून तोडलं तर त्याची ताकद कमी राहते. शिवाय किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांशी खेळताना शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू हे न शिकताच घरात येतं आणि मुलांना चावत सुटतं.

जन्मतारीख माहीत नसेल तर दात बघा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात यायला सुरुवात होते आणि सहा ते आठ आठवड्यांत ते जवळजवळ सगळे आलेले असतात. पिल्लू चांगलं चालतं-पळतं, मऊ भात स्वतःहून खातं, डोळे-नाक स्वच्छ आहेत, शेपटीखालचा भाग कोरडा आहे, हे बघून घ्या. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि बरगड्या दिसत असतील तर बहुतेक जंत आहेत. त्यावर औषध आहे, पण आणल्याबरोबर द्यावं लागेल.

विकतचं जातीचं पिल्लू घेऊ की गावठी, असं बऱ्याच तायांच्या मनात असतं. दाट केसांची विदेशी जात आपल्या दमट, उकाड्याच्या हवेत धापा टाकते आणि कातडीच्या आजारांनी हैराण होते. गावठी कुत्रा इथल्याच हवेत घडलेला आहे. केस आखूड, अंग हलकं, राखणीला तरबेज. आपल्या घरांसाठी तोच बरा.

आता एक बोलायलाच हवं. पिल्लं वाटताना नर पटापट जातात आणि मादी मागे राहतात. मग त्या गोणीत भरून बाजाराजवळ, नदीकाठी, नाहीतर हायवेला मनोरच्या बाजूला सोडल्या जातात. "मादी नको, पिल्लं घालत बसेल," एवढंच कारण. मुलगी नको म्हणणाऱ्यांशी आपण गटातून इतकी वर्षं बोलतोय, तेव्हा हे वाक्य आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. कुत्री राखणीला कुत्र्याइतकीच चांगली असते, शिवाय घर सोडून कमी भटकते. पिल्लांची काळजी असेल तर त्यावर नसबंदी हा उपाय आहे. कुत्री साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत पहिल्यांदा माजावर येते, त्यामुळे सहा महिन्यांच्या आसपास डॉक्टरांशी बोलून घ्यावं. नाही केली तर हिशोब सोपा आहे. कुत्रीचा गाभण काळ सुमारे ६३ दिवस. वर्षातून दोनदा माज आणि एका वेळी चार-पाच पिल्लं धरली तर एका घराच्या दारात वर्षाला आठ-दहा पिल्लं.

आणि उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही घरातल्या पुरुषांना सांगून ठेवा.

३. घर कसं तयार करायचं?

रांगतं मूल घरात असताना आपण काय काय उचलून ठेवतो, ते आठवा. पिल्लूही सगळं तोंडात घालून बघतं, म्हणून त्याच्याच उंचीवर खाली बसून एकदा घर बघा.

*वर उचलायच्या किंवा बंद करायच्या वस्तू :*

- उंदीर मारायचं औषध. भात घरात आला की आपण कोपऱ्यांत, कणगीमागे ठेवतो. पिल्लू असेल तर ते बंद करून पिंजरा वापरा. विष खाऊन मेलेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तर त्यालाही विषबाधा होऊ शकते.
- फवारणीचं औषध, त्याच्या रिकाम्या बाटल्या, पंप आणि भिजलेले कपडे.
- फिनेल, अ‍ॅसिड, धुण्याची पावडर.
- घरातली औषधं. माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी पिल्लाला कधीही देऊ नका. ती जिवावर बेतू शकते.
- मासेमारीच्या घरांत गळ, दोरा, जाळ्याचे तुकडे. माशाचा वास लागलेला गळ पिल्लू सरळ गिळतं.
- विजेच्या लोंबत्या वायरी, शिवणकामाच्या सुया, रबर, प्लास्टिकच्या पिशव्या.
- उघडी पाण्याची टाकी, विहिरीची कमी उंचीची बाजू, शोषखड्डा. झाकण किंवा कुंपण घाला.

*एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्या तायांसाठी खास :* केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर औद्योगिक क्षेत्र देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वर होतं. त्यामुळे गटाराचं आणि नाल्याचं पाणी पिल्लाला पिऊ देऊ नका. घरात स्वच्छ पाण्याची वाटी कायम भरलेली असली की ते बाहेर तोंड घालत नाही. कारखान्यातून आलेला रसायनाचा ड्रम कापून त्याचं पिल्लासाठी घर किंवा पाण्याचं भांडं करू नका. खरं तर तो माणसांच्या पाण्यासाठीही वापरू नये.

*झोपायची जागा :* पडवीत किंवा ओट्यावर, पावसाची झड येणार नाही आणि दुपारचं ऊन लागणार नाही अशी. जमिनीवर सरळ नको. दोन विटांवर फळी टाका आणि वर कोरडं गोणपाट. गोणपाट आठवड्यातून एकदा उन्हात घाला म्हणजे पिसवा कमी होतात. चुलीपासून आणि लाकडांच्या राशीपासून लांब ठेवा, कारण लाकडाखाली विंचू-साप असतात आणि पिल्लू उत्सुकतेनं तोंड घालतं. चाळीतल्या एका खोलीत जागा नसेल तर मोरीपासून दूर, दाराजवळचा एक कोपरा नक्की करा आणि तो रोज बदलू नका.

*बांधायचं कसं :* तारेनं किंवा सुतळीनं बांधू नका, मानेत रुतते. मऊ पट्टा घ्या. पट्ट्याखाली आपली दोन बोटं सहज जावीत. पिल्लू वाढतं तसा पट्टा दर पंधरा दिवसांनी सैल करा. दिवसभर बांधलेला कुत्रा चिडका होतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आपल्या नजरेसमोर मोकळं सोडा. रस्त्याकडेचं घर असेल तर मोकळं सोडताना दोरी हातात ठेवा. बोईसर-तारापूर रस्त्यावरच्या ट्रकला पिल्लू दिसत नाही.

४. पहिला आठवडा

पहिल्या रात्री पिल्लू रडणार. त्याला आईची ऊब हवी असते. जुन्या लुगड्याची घडी आणि फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची घट्ट बंद बाटली जवळ ठेवा. मारू नका, ओरडू नका. दोन-तीन रात्रींत ते शांत होतं.

*शी-शू :* झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच त्याला बाहेरच्या एकाच ठरलेल्या जागी न्या. तिथे केलं की "शाब्बास" म्हणा. घरात केलं तर नाक घासू नका. त्यातून ते फक्त घाबरायला शिकतं.

*खाणं :* तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. आपल्या घरातलंच द्या, पण मीठ-मसाला घालायच्या आधी बाजूला काढून. मऊ भात किंवा कुस्करलेली तांदळाची-नाचणीची भाकरी, त्यात उकडलेलं अंडं, वरण, काटे काढलेला उकडलेला मासा किंवा कोंबडीचं उकडलेलं मांस. नुसत्या भातावर पिल्लाची हाडं भरत नाहीत, पाय वाकडे होतात. गाईचं-म्हशीचं दूध जास्त झालं तर जुलाब होतात, म्हणून दूध हेच जेवण असं समजू नका.

*हे देऊ नका :* कांदा-लसूण घातलेलं कालवण (कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात), चॉकलेट, द्राक्षं-मनुका, शिजवलेल्या कोंबडीची हाडं (ती तुटून अणकुचीदार होतात आणि आतडं फाडतात), खारवलेला सुका मासा. सुक्या बोंबलाचा तुकडा पिल्लू आनंदानं खातं, पण त्यातलं मीठ त्याला झेपत नाही.

*शेळ्या-कोंबड्यांशी ओळख :* पहिले काही दिवस पिल्लाला दोरीनं धरूनच कोंबड्यांसमोर बसवा. शांत बसलं की काहीतरी खायला द्या. धावलं की दोरी आखडा आणि "नाही" म्हणा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. एक जण "नाही" म्हणतो, दुसरा "हट्" आणि तिसरा हसतो, मग पिल्लानं शिकायचं काय? लहानपणी कोंबड्यांत वाढलेला कुत्रा मोठेपणी त्यांची राखण करतो.

५. लस आणि जंताचं औषध

पिल्लू आणलं त्या आठवड्यातच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. जाण्याआधी चौकशी करा की लस कोणत्या दिवशी मिळते. आपल्या पशुसखी ताईंना विचारलंत तर त्या सांगतील. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे, तोही लिहून ठेवा.

- जंताचं औषध : दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे साधारण दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. पिल्लाच्या शीतल्या जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जाऊ शकतात. त्यामुळे शी रोज उचलून पुरा आणि मुलांना खेळून आल्यावर साबणानं हात धुवायला लावा.
- पार्वो, डिस्टेंपर यांची एकत्र लस : सहा ते आठ आठवड्यांपासून, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. पार्वोमध्ये रक्ताचे जुलाब आणि उलट्या होतात आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. ही लस पूर्ण होईपर्यंत त्याला बाजारात, इतर कुत्र्यांच्या घाणीत फिरवू नका.
- रेबीजची लस : तीन महिन्यांचं झालं की. त्यानंतर पुन्हा एक डोस कधी, ते डॉक्टर सांगतात, आणि पुढे दरवर्षी. लस टोचली की त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, काही आठवडे लागतात.

कार्ड मागून घ्या. त्यावर तारीख लिहून घ्या आणि ते गटाच्या पासबुकासोबत ठेवा, म्हणजे हरवणार नाही.

आपल्याकडे पावसात गोचीड फार. गुरांच्या अंगाला लावायचं गोचिडाचं औषध पिल्लाला अंदाजानं लावू नका. ते चाटतं आणि विषबाधा होते. रॉकेलही नको. एक-दोन गोचीड असतील तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, जास्त असतील तर डॉक्टर. तसंच कोंबडी-बकरा कापल्यावर कच्ची आतडी, काळीज कुत्र्यापुढे टाकू नका. बकऱ्याच्या अवयवांतून कुत्र्याच्या पोटात एक प्रकारचा जंत जातो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात.

६. मुलांना काय शिकवायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्या १०० जणांत सुमारे ४० जण १५ वर्षांखालची मुलं असतात. कारण मुलं खाली बसतात, मिठी मारतात, शेपूट ओढतात आणि चावल्यावर मार बसेल म्हणून घरी सांगत नाहीत. ही शेवटची गोष्ट सगळ्यात धोक्याची आहे.

मुलांना चार नियम पाठ करून घ्या :

१. खाताना आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही.
२. पिल्लांजवळ त्यांची आई असेल तर पिल्लू उचलायचं नाही.
३. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. हात खाली सोडून झाडासारखं उभं राहायचं.
४. दात लागला, नख लागलं, जखमेवर चाटलं, तर लगेच घरी सांगायचं. सांगितल्याबद्दल कोणी मारणार नाही.

चौथ्या नियमाचं शेवटचं वाक्य आपण मोठ्यांनी पाळायचं आहे.

"एवढंसं पिल्लू, त्याला कुठला रेबीज?" असं आपण म्हणतो. पिल्लालाही रेबीज होतो. त्याच्या आईला किंवा त्यालाच पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं का, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून पिल्लाचा दात लागला तरी तो कुत्र्याचा चावाच समजायचा.

७. चावलं तर

हे पान कापून दारामागे लावलं तरी चालेल.

आधी धुवा. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पूर्ण १५ मिनिटं. घड्याळ लावून. हे जंतू साबणानं मरतात, म्हणून घरातलं सगळ्यात मोठं औषध म्हणजे अंघोळीचा किंवा कपड्याचा साबण.

जखमेवर काही भरू नका. हळद, चुना, तंबाखू, मिरची पूड, तेल, कॉफी, काहीही नको. पट्टी घट्ट बांधू नका.

त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. भगताकडे जायचं असेल तर आधी लस, मग भगत. आपल्या जुन्या माणसांना दुखवायची गरज नाही, फक्त क्रम बदलायचा आहे.

सगळे डोस पूर्ण करा. दंडाच्या कातडीत लस देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस ०, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं इंजेक्शन (इम्युनोग्लोब्युलिन) लागतं. डॉक्टरांना आपणहून विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही लस घेता येते, घ्यायलाच हवी.

पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागतात, ही भीती अजून आपल्या आज्यांच्या मनात आहे. ती जुनी लस होती, मेंढीच्या मेंदूपासून केलेली. ती आपल्या देशात बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. आताची लस दंडात देतात आणि गोवरच्या लसीइतकीच साधी असते.

चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याला मारू नका. १० दिवस नजरेखाली ठेवा आणि काही बदल दिसला तर डॉक्टरांना सांगा. पण १० दिवस वाट बघून मग लस घ्यायची नाही, लस पहिल्याच दिवशी सुरू करायची. रेबीजची लक्षणं माणसात दिसायला लागली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. लक्षणं दिसायच्या आधी लस वेळेत आणि पूर्ण घेतली तर जवळजवळ सगळे वाचतात. इतका फरक.

आणि एक लक्षात ठेवा. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, तर घशात हाड अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. ते रेबीजचं लक्षण असू शकतं.

८. एक घर तयार झालं तरी पुरत नाही

तुमच्या पिल्लाला लस झाली, पण शेजारच्या पाच कुत्र्यांना नाही, तर तुमचं मूल सुरक्षित झालं का? मूल तर सगळ्या पाड्यावर खेळतं. म्हणून शेवटची तयारी गटानं करायची आहे.

एखाद्या भागातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना लस झाली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाड्यावर २० कुत्री असतील तर १४. हा आकडा गटाच्या हातातला आहे. आपण २० घरांची बचत दर महिन्याला गोळा करतो, १४ कुत्री गोळा करणं त्याहून अवघड नाही!

दिवसही ठरलेला आहे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. १८८५ साली रेबीजची लस पहिल्यांदा माणसावर वापरणारे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांची ही पुण्यतिथी. आपल्यासाठी या तारखेचा आणखी एक फायदा आहे. तेव्हा भात उभं असतं, माणसं घरी असतात, वीटभट्टीवर कोणी गेलेलं नसतं. दिवाळीनंतर शिबिर ठेवलं तर अर्ध्या घरांना कुलूप. सप्टेंबर अखेरीस दरवर्षी लस झाली की कार्डावरची तारीखही कोणी विसरत नाही.

करायचं काय, ते असं :

- ऑगस्टच्या बैठकीत दोन ताया ठरवा. त्यांनी पाड्यावरची कुत्री मोजायची. घराची वेगळी, भटकी वेगळी.
- ग्रामसंघाच्या लेटरहेडवर पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि ग्रामपंचायतीला अर्ज द्या. अर्जात कुत्र्यांची संख्या लिहा. संख्या लिहिलेल्या अर्जाला उत्तर मिळतं. पोच घ्यायला विसरू नका.
- भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. महिला सभेत आणि ग्रामसभेत विषय मांडा, ठरावात नोंद करून घ्या.
- शिबिराच्या दिवशी कुत्रा ज्याचा, त्यानंच धरायचा. मुलांच्या हातात दोरी देऊ नका.
- स्थलांतराला जाणाऱ्या घरांची यादी दिवाळीआधी करा आणि प्रत्येक कुत्र्यासमोर मागे राहणाऱ्या एका घराचं नाव लिहा. जाणाऱ्या घरानं तांदूळ देऊन जायचं. किती, ते आपसात ठरवा.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या पाड्यावर किंवा चाळीत किती कुत्री आहेत? त्यातल्या कितींचं लसीचं कार्ड आहे?
२. गेल्या वर्षी कोणाला कुत्रा चावला? किती डोस पूर्ण झाले? मधेच का सुटले?
३. मादी पिल्लांचं आपल्याकडे काय होतं?
४. जवळच्या आरोग्य केंद्रात लस कोणत्या वेळेत मिळते? एका ताईनं जाऊन विचारून यावं आणि इतिवृत्तात लिहावं.

पिल्लू आणण्याआधीची यादी (टिक करा)

☐ कामांची नावं लिहिली
☐ घरमालकाची किंवा घरातल्या मोठ्यांची परवानगी
☐ स्थलांतराच्या महिन्यांत सांभाळणारं घर ठरलं
☐ पिल्लू दोन महिन्यांचं आहे
☐ विष, औषधं, गळ, वायरी वर ठेवल्या
☐ कोरडी झोपायची जागा, पाण्याची वाटी, मऊ पट्टा
☐ दवाखान्याचा दिवस आणि जंताच्या औषधाची तारीख
☐ मुलांचे चार नियम पाठ

आठही खुणा झाल्या की पिल्लू आणा. नाव काय ठेवायचं ते मुलांना ठरवू द्या, आणि ते नाव लसीच्या कार्डावर सगळ्यात वर लिहा.

पुढच्या अंकाआधी तुमच्या पाड्याची मोजणी माझ्याकडे किंवा तुमच्या सीआरपी ताईंकडे पाठवा. कोणत्या गावात किती झाली, ते आपण पुढच्या अंकात छापू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक